यूएसबी हेडसेट लावला की पिवळा त्रिकोण, कोड ३९

प्रश्न

लॅपटॉप नवा, विंडोज ११. हेडसेट जुना, यूएसबीचा, कॉलसाठी वापरतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'खाली त्याच्या नावावर पिवळा त्रिकोण येतो आणि प्रॉपर्टीजमध्ये कोड ३९ दिसतो. सोबतच्या सीडीतला ड्रायव्हर (विंडोजला यंत्र चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) टाकला होता. अनइन्स्टॉल करून परत लावला तरी तोच ड्रायव्हर पुन्हा बसतो. रिअलटेकचा ऑडिओ ड्रायव्हर नवा टाकूनही फरक नाही. हाच हेडसेट विंडोज १० च्या दुसऱ्या लॅपटॉपवर काहीही न टाकता चालतो.

प्रतिसाद १

शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. काहीही न टाकता चालतो, म्हणजे त्याला सीडीची गरजच नाही.

रिअलटेकचा इथे संबंध नाही. ती चिप लॅपटॉपच्या ३.५ मिमी जॅकसाठी आणि आतल्या स्पीकरसाठी. यूएसबी हेडसेटचं साउंड कार्ड हेडसेटमध्येच असतं, बहुतेक वेळा वायरवरच्या आवाजाच्या बटणांच्या डबीत. ते चालवायला विंडोजचा स्वतःचा यूएसबीऑडिओ.एसवायएस पुरतो.

कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल सापडली नाही, बिघडलेली आहे किंवा विंडोजने ती लोड होऊ दिली नाही. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर 'कोअर आयसोलेशन' या सुरक्षा-सेटिंगमधलं 'मेमरी इंटेग्रिटी' हे संरक्षण बहुधा चालू असतं आणि ते जुन्या बनावटीचे ड्रायव्हर अडवतं. 'अ ड्रायव्हर कान्ट लोड ऑन धिस डिव्हाइस' अशी सूचना कोपऱ्यात येऊन गेली असेल तर हेच कारण. काही जण मेमरी इंटेग्रिटी बंद करायला सांगतील. एका हेडसेटसाठी ते करू नका.

त्या नोंदीवर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट'. 'शो कम्पॅटिबल हार्डवेअर'ची खूण तशीच ठेवा. यादीत 'यूएसबी ऑडिओ डिव्हाइस' असेल, तो निवडा आणि मशीन रीस्टार्ट करा. नंतर 'ड्रायव्हर डिटेल्स' उघडून फाइलचं नाव पाहा. यूएसबीऑडिओ.एसवायएस दिसलं की झालं.

प्रतिसाद २

वरचं बरोबर, पण सीडीवालं पॅकेज ड्रायव्हर स्टोअरमध्ये (विंडोज ड्रायव्हरच्या प्रती साठवतं ती जागा) राहिलं तर दुसऱ्या पोर्टात लावल्यावर तेच परत बसेल. अशा बऱ्याच हेडसेटना सीरियल नंबर नसतो, म्हणून विंडोज प्रत्येक पोर्टात त्यांना नवं यंत्र समजतं. आवाजाच्या यादीत नावामागे '२-', '३-' असे आकडे दिसतात ते याचमुळे.

अनइन्स्टॉल करताना 'अटेम्प्ट टू रिमूव्ह द ड्रायव्हर'ला टिक केली होती का? विंडोज १० मध्ये त्या ओळीचे शब्द थोडे वेगळे आहेत. टिक नसेल तर फक्त नोंद जाते, पॅकेज तसंच राहतं.

तरीही हटलं नाही तर हेडसेट काढा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पीएनपीयुटिल ही आज्ञा स्लॅश एनम-ड्रायव्हर्स लावून चालवा. बाहेरून आलेल्या सगळ्या ड्रायव्हरांची यादी येते. 'प्रोव्हायडर नेम'मध्ये हेडसेटवाल्यांचं नाव शोधा आणि त्याच गटातलं ओईएम-अमुक.आयएनएफ हे नाव टिपून घ्या. मग पीएनपीयुटिल, स्लॅश डिलीट-ड्रायव्हर, ते नाव, स्लॅश अनइन्स्टॉल. मधला आकडा प्रत्येक मशीनवर वेगळा असतो, दुसऱ्याचा बघून टाकलात तर भलताच ड्रायव्हर उडेल.

शेवटी 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हाइसेस' करा आणि हेडसेटच्या फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी काढा. 'ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स'खालीही बघा, एकाच हेडसेटच्या नोंदी दोन-तीन ठिकाणी पसरलेल्या असतात.

प्रतिसाद ३

कोणी कोड ४३ घेऊन इथे आलं तर त्यांच्यासाठी: 'अननोन यूएसबी डिव्हाइस, डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं दिसत असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. यंत्र स्वतःची ओळखच सांगू शकत नाहीये. बहुतेक वेळा वायर तुटलेली, पोर्ट सैल किंवा हब अशक्त. स्वतंत्र वीज नसलेला यूएसबी २ हब एका पोर्टाला १०० मिलिअँपिअरच देतो, लॅपटॉपचा पोर्ट निदान ५००. हब काढून थेट लावा. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून पूर्ण बंद न करण्याची सोय) चालू असेल तर नुसतं शटडाउन पुरत नाही, शिफ्ट दाबून शटडाउन करा किंवा रीस्टार्ट करा.

प्रश्नकर्ता

प्रतिसाद १ प्रमाणे केलं, त्रिकोण गेला. पॅकेजही काढलं. आता ऐकू येतं, पण कॉलमध्ये माझा आवाज जात नाही. शिवाय सीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा आवाज कानात ऐकू येण्याची सोय होती, ती गेली.

प्रतिसाद १

माइकसाठी सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'मायक्रोफोन'. तिथे खाली डेस्कटॉप अ‍ॅपसाठी वेगळं बटण असतं, तेही चालू हवं. मग कॉलच्या अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये माइक नव्याने निवडा. ड्रायव्हर बदलल्यावर नोंद नवी होते आणि अ‍ॅप जुन्या नोंदीलाच किंवा लॅपटॉपच्या माइकला धरून बसतं.

कानातल्या आवाजासाठी जुन्या कंट्रोल पॅनेलचं 'साउंड' उघडा. हेडसेटच्या स्पीकरवर डबल क्लिक करून 'लेव्हल्स' टॅब पाहा. हेडसेटच्या चिपमध्येच ती सोय असेल तर तिथे 'साइडटोन' किंवा 'मायक्रोफोन' नावाची वेगळी पट्टी दिसते, तिच्यावरचा म्यूट काढा. पट्टी नसेल तर ती सोय सीडीवाल्या सॉफ्टवेअरची होती. माइकच्या 'लिसन' टॅबमधून काम भागतं, पण आवाज जरा उशिरा येतो आणि बोलताना त्रास होतो.