भंगारातल्या सेलपासून गेम कंट्रोलरची बॅटरी: तुमचे अनुभव लिहा

एरंडवणे (धागाकर्ती)
सुट्टी लागली की आमच्याकडे पेन्सिल सेल घरात टिकत नाहीत. घड्याळातलेसुद्धा काढून नेतात. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला दोन लागतात आणि दोघं भाऊ दिवसभर खेळतात. जुन्या लॅपटॉपचे, मोबाइलचे सेल काढून चार्ज होणारा पॅक बनवलेले लोक पुण्यात बरेच आहेत असं ऐकते. सेल कुठून आणलात, तपासलात कसा, चार्जिंगचं काय केलंत, जरा सविस्तर लिहा. ‘सरळ नवीन घ्या’ असंही म्हणा, पण कारण द्या.

कोथरूड
लॅपटॉपच्या जुन्या, जाड बॅटरीत बहुधा सहा १८६५० सेल निघतात: १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. दोन-दोनच्या तीन जोड्या. एक जोडी बसली की अख्खी बॅटरी मेली म्हणून फेकतात, आणि उरलेले चार अनेकदा धडधाकट असतात. माझे सेल बुधवारच्या जुन्या बाजारातले. दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल मी चार्जिंगला लावतच नाही. इतका खाली राहिला की आतलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती असते. बाकीचे ४.२ व्होल्टपर्यंत भरायचे, गरम होतोय का ते हाताला बघायचं, आणि मग विरजण लावल्यासारखं बाजूला ठेवून विसरायचं. पंधरवड्याने मीटर लावला की खोटे सेल आपोआप उघडे पडतात. ४.१ च्या खाली आलेला मी घेत नाही. लोकांना सोल्डरिंगचं कौतुक असतं, ते तासाभराचं काम आहे. वेळ जातो तो या वाट पाहण्यात.

१८६५० कंट्रोलरच्या कप्प्यात मावत नाही. मी चष्म्याच्या जुन्या डबीत घालून मागे बांधलाय. दिसायला ध्यान आहे, पण चालतो.

सदाशिव पेठ
वरच्यांनी व्होल्टेज कमी करायचं सांगितलंच नाही! लिथियम सेल भरल्यावर ४.२ असतो आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला दोन सेलचे ३ व्होल्ट अपेक्षित. पेन्सिल सेलच्या मापाचे लिथियम सेल मिळतात, ते कप्प्यात छान बसतात, आणि म्हणूनच घातक. दोन घातले तर ८.४ व्होल्ट.

त्यासाठी मधे रेग्युलेटर लागतो, म्हणजे व्होल्टेज उतरवून एका आकड्यावर धरणारा भाग. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘३.३ चा रेग्युलेटर द्या’ म्हटलं की हातात एएमएस१११७ पडतो. तो स्वतःच एक व्होल्टच्या आसपास खातो. सेल ३.७ वर आला की बाहेर २.७ उरतात, तो आणखी उतरला आणि गेममध्ये गाडी आदळून कंट्रोलर थरथरला की बंद. कमी व्होल्टेज खाणारा, म्हणजे लो-ड्रॉपआउट रेग्युलेटर मागून घ्या, आणि थरथरणाऱ्या मोटरींना पुरेल इतका करंट तो देतो का ते विचारा. व्होल्टेज उतरवणाऱ्या काही तयार (स्टेप-डाउन) बोर्डांना आत निदान ४.५ व्होल्ट लागतात, ते इथे कुचकामी.

हडपसर
प्लेस्टेशन ४ वाल्यांना यातलं काहीच नको. त्या कंट्रोलरमध्ये मुळातच १००० एमएएच क्षमतेचा लिथियम सेल आहे आणि चार्जिंगचं सर्किटही आहे. फक्त सेल बदलायचा. जोडण्यापूर्वी लाल-काळ्या वायरवर विश्वास न ठेवता मीटरने प्लस-मायनस बघा.

पर्वती
मी निवृत्त माणूस, नातवासाठी केला. लँडलाइनच्या कॉर्डलेस फोनमध्ये २.४ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक होता. एक्सबॉक्स ३६० चा कंपनीचा पॅकसुद्धा याच जातीचा. त्यामुळे रेग्युलेटरची भानगडच नाही. ६०० एमएएचचा पॅक, ६० मिलीअँपने चौदा-सोळा तास चार्ज करायचा, म्हणजे रात्री लावला की झालं. मात्र त्याला लिथियम सेल चार्ज करायचा टीपी४०५६ चा बोर्ड लावू नका. तो ४.२ व्होल्टची वाट बघतो, हा पॅक तीनच्या वर जात नाही, मग बोर्ड थांबणार कधी?

पाषाण
काकांना अनुमोदन. आणि लिथियमवाल्यांसाठी: त्याच बोर्डावर १.२ किलोओहमचा बारीक रेझिस्टर असतो, त्यामुळे चार्जिंग एक अँपने होतं. १८६५० ला चालेल, मोबाइलच्या छोट्या सेलला जास्त आहे. २.४ किलोओहम लावा, अर्धा अँप होईल. बोर्ड संरक्षणवाला घ्या, त्यावर एकाऐवजी तीन आयसी दिसतात.

बिबवेवाडी
माझं मत ‘नवीन घ्या’. दोन चांगले रिचार्जेबल पेन्सिल सेल आणि चार्जर, विषय संपला. नोकियाच्या बीएल-५सी बॅटऱ्या आठवतात? २००७ मध्ये चार्जिंगच्या वेळी तापतात म्हणून कंपनीने ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता. नामांकित कंपनीच्या नव्याकोऱ्या मालाचं हे, तर जुन्या बाजारातल्या सेलची हमी कोण देणार? करायचाच असेल तर फुगलेला सेल हातात घेऊन दाबून बघू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनात द्या, ओल्या-सुक्यात नाही.

एरंडवणे (धागाकर्ती)
काकांचा कॉर्डलेसवाला आमच्या आवाक्यातला वाटतोय. कोथरूडकर, सेलवर वायर जोडायची पट्टी कुठे लावून घेतलीत? घरी सोल्डर केलीत का?

कोथरूड
छे, सेलवर थेट सोल्डरची उष्णता नको. ई-बाइकचे पॅक दुरुस्त करणारे निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड करून (क्षणभर करंट देऊन चिकटवून) देतात. नाहीतर सेल होल्डर घ्या. फक्त पातळ स्प्रिंगवाला नको, जाड पत्र्याचा घ्या.