मूकपटात अभिनय नव्हताच म्हणणाऱ्यांना: कमलाबाईंच्या निमित्तानं

मिरजेची माहेरवाशीण

रंगभूमी दिनाला, ५ नोव्हेंबरला, 'भावे, तिसरी रांग' यांनी लिहिलं की मूकपटातल्या नट्यांचं कौतुक आता पुरे झालं. बोलायचं नाही, गायचं नाही, नुसतं कॅमेऱ्यासमोर हालचाल करायची, तो कसला अभिनय? आणि कमलाबाई गोखले 'पहिली नटी' ठरल्या त्या दादासाहेब फाळक्यांना दुसरी कुणी मिळाली नाही म्हणून. तीन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

फाळक्यांना कुणी मिळाली नाही हे खरंच आहे. 'राजा हरिश्चंद्र'साठी ते बाई शोधत वेश्यावस्तीपर्यंत गेले, तरी जमलं नाही. शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवून तारामती केलं. पण का मिळाली नाही कुणी? कारण कॅमेऱ्यासमोर उभं राहणं म्हणजे अब्रू घालवणं, अशी सगळ्यांची समजूत. असं असताना १९१३ मध्येच, 'मोहिनी भस्मासुर'साठी, दुर्गाबाई कामत नाशिकला जाऊन पार्वती झाल्या आणि त्यांची जेमतेम १३ वर्षांची लेक कमला मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात पोर, पोटासाठी नाटक कंपनीत आलेल्या. दुसरी कुणी मिळाली नाही म्हणून नाही, दुसरी कुणी धजली नाही म्हणून त्या पहिल्या.

आता अभिनयाचं. गोष्ट आठवा. मोहिनी नाचते, भस्मासुर तिचं बघून तसंच करतो, आणि ती आपला हात स्वतःच्या डोक्यावर नेते. तोही नेतो आणि भस्म होतो. तिसरी रांगवाले, एकदा आरशासमोर हे करून बघा. पाय लयीत, चेहऱ्यावर माया, मनात डाव, तोंडातून शब्द नाही. हात डोक्याकडं असा न्यायचा की समोरच्याला संशय येता कामा नये आणि प्रेक्षकाला मात्र कळलं पाहिजे. मग सांगा अभिनय होता की नाही.

माझी आजी मिरजेतल्या वाड्यात वाढली. समोर नाटक कंपनीचं बिऱ्हाड उतरलं की वाड्याच्या खिडक्या लावून घ्यायचे. तिनं फटीतून एकदा बघितलेली बाई ती मरेपर्यंत सांगायची. उन्हात केस वाळवत बसलेली, मांडीवर मूल पितंय, आणि ओठ हलताहेत, कारण रात्रीच्या प्रयोगाचं पाठांतर चाललंय. ती कोण होती, आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. कमलाबाईंचा मुलगा चंद्रकांत १९२१ मध्ये आमच्या मिरजेतच जन्मला. हे वाचल्यापासून मला ती फट आणि ती बाई रोज आठवते.

भावे, तिसरी रांग

ताई, आजीची आठवण चांगली आहे, पण आठवण म्हणजे पुरावा नाही. 'मोहिनी भस्मासुर' आज बघायलाच मिळत नाही. तुम्ही बघितला नाही, मी बघितला नाही. न बघितलेल्या कामाला थोर अभिनय कोणत्या आधारावर म्हणता? म्हणायचं तर धाडस म्हणा, माझी हरकत नाही.

आणि त्याच १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, हे या जिल्ह्यातल्या माणसानं विसरू नये. नागठाण्याचे बालगंधर्व. पुरुष असून त्यांनी बाईची चाल, बाईचा पदर, बाईचं लाजणं असं उभं केलं की घरंदाज बायका त्यांचं बघून नेसायला शिकल्या. माझे वडील त्यांच्या आवाजाबद्दल बोलायला लागले की जेवण थांबायचं. आवाज, शब्द, सूर, हे सगळं मिळून अभिनय होतो. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच सांगलीत. इथल्या माणसाला अभिनय काय ते शिकवू नका.

तबल्याचा कान, सातारा

तिसरी रांगवाले, मूकपट मुका नसायचा हो. पडद्याखाली पेटी-तबला असायचा. माझे आजोबा जत्रांतून तंबूत वाजवायचे. ते सांगायचे, वाजवणाऱ्यानं तबल्याकडं बघायचंच नाही, नटीच्या पायाकडं बघायचं. पडद्यावर पाय पडला की थाप पडली पाहिजे. नटी लयीला कच्ची असली तर वाजवणाऱ्याचे हाल व्हायचे, आणि पक्की असली तर आवाज नसूनही कळायचं. म्हणजे लय तिच्या अंगात असावी लागायची, आम्ही ती फक्त ऐकू आणून द्यायचो. त्यात कॅमेरा हातानं फिरवायचा, उजेड उन्हाचा. ढग आला की थांबा, ऊन आलं की पुन्हा तीच मुद्रा, तोच भाव.

कमलाबाईंचे लालजी आणि सूर्यकांत हे दोन मुलगे तबल्यात नावाजले. मला यात नवल वाटत नाही.

आता बोलतोच आहे तर एक सांगतो. नट्यांची नावं निदान निघतात. तंबूत रात्र रात्र वाजवणाऱ्यांची नावं कुठं आहेत? आजोबांची बोटं म्हातारपणी वाकडी झाली होती. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. बोलपट आला आणि एका हंगामात त्यांचं काम गेलं. त्यांच्यावर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

वाळवेकर

सगळे जण 'पहिली पहिली' करताय, म्हणून विचारतो. पहिली कुणाची? बाईनं चारचौघांत उभं राहून कला दाखवणं हे १९१३ ला नाशिकला सुरू झालं का? आमच्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव. त्यांच्या तमाशाच्या फडात पवळाबाई हिवरगावकर उभ्या राहायच्या तेव्हा माणसं जागची हलायची नाहीत. फाळके बाई मिळत नाही म्हणून फिरत होते, त्या काळातली ही गोष्ट. बायका होत्या हो. पण त्या महाराच्या, कोल्हाट्याच्या, म्हणून त्या 'कलावंत' नाहीत, 'तमाशातल्या'. ब्राह्मणाघरची मुलगी उभी राहिली तेव्हा इतिहास झाला.

माहेरवाशीण ताई, तुमच्या आजीच्या वाड्यानं खिडकी लावली. आमच्या आत्याला तेवढीही खिडकी नव्हती. ती फडात नाचायची. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्याच घरच्यांनी सांगितलं, सोयऱ्यांसमोर आत्या आली नाही तर बरं. ती आली नाही. आहेर मात्र पाठवला, हिरवी साडी आणि १०१ रुपये. त्या साडीला आजही घडी तशीच आहे. बायकोनं नेसली नाही, कारण मी नेसू दिली नाही. हे मी पहिल्यांदा लिहितोय.

भावे, तिसरी रांग

विषय कुठून कुठं नेता? चर्चा अभिनयाची आहे. तमाशा आणि नाटक-सिनेमा या वेगळ्या गोष्टी आहेत. सगळीकडं जात आणायची काही गरज नाही.

वाळवेकर

मी आणली? ज्यांनी फडातल्या बाईला नाटकाच्या दारात उभं केलं नाही त्यांनी आणली. 'वेगळ्या गोष्टी' हे वाक्य आत्याला आयुष्यभर ऐकवलं गेलं. तुमच्या तोंडी ते मी ऐकून घेणार नाही.

मिरजेची माहेरवाशीण

वाळवेकर, तुमचं म्हणणं लागलं, आणि आधी रागही आला. दुर्गाबाईंना काय सोपं होतं? ब्राह्मणाघरच्या असल्या तरी समाजानं त्यांना दूर लोटलंच. जात त्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही, उलट अंगावर आली. कमलाबाईंचा नवरा लवकर गेला, तीन मुलं त्यांनी रंगभूमीवर राबून वाढवली, पुरुषांच्या भूमिकासुद्धा केल्या. ती कर्मकहाणी तुमच्या आत्याच्या कहाणीची सख्खी बहीण आहे असं मला वाटतं.

वाळवेकर

सख्खी नाही. चुलत म्हणा. दुर्गाबाईंना जातीनं बाहेर काढलं, आत्या जन्मली तीच बाहेर. कमलाबाईंचा मुलगा नट झाला, नातू विक्रम गोखले नट झाला, तिसऱ्या पिढीला मान मिळाला. आत्याच्या पोरीनं आईचं काय काम होतं ते सासरी सांगितलेलं नाही.

कराडची सून

तुम्ही शंभर वर्षांपूर्वीचं भांडताय, मी पाच वर्षांपूर्वीचं सांगते. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या हौशी संस्थेनं नाटक बसवलं. तालीम रात्री ११ पर्यंत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त दाराला आतून कडी घालून झोपायच्या. मी दहा मिनिटं कडी वाजवायची, शेजारचे दिवे लागायचे. १८ दिवस हे चाललं. प्रयोग झाला, सासूबाई बघायला आल्या नाहीत. आता आमच्या संस्थेत स्त्रीपात्र दोनच्या वर असेल तर ते नाटक निवडतच नाहीत, कारण बायका मिळत नाहीत. म्हणून 'दुसरी कुणी मिळाली नाही' हे वाक्य इतक्या सहज लिहू नका. न मिळण्यामागं एकेका घराची कडी असते.

तबल्याचा कान, सातारा

वहिनी, तुमचं वाचून मगाशी आजोबांचं लिहिलं ते चुकीच्या जागी लिहिलं असं वाटलं. पण पुसत नाही.

मिरजेची माहेरवाशीण

वाळवेकर, चुलत तर चुलत, मान्य. आणि इथून पुढं मी 'पहिली नटी' लिहिणार नाही, 'सिनेमातली पहिली' लिहीन. एवढा एक शब्द घालायला मला तुमची हिरवी साडी वाचावी लागली, याची खंत आहे.

तिसरी रांगवाले, तुमच्यासाठी एकच गोष्ट उरली. मोहिनी म्हणजे कोण? बाईचं रूप घेतलेला विष्णू. मुळात पुरुषानं बाई व्हायचं अशी ही भूमिका. स्त्रीपार्टी नटाला ती अगदी शोभली असती, आणि साळुंके तर फाळक्यांच्या हाताशी होते. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघंही केले. तरी या भूमिकेला फाळक्यांनी खरी मुलगी घेतली. पुरुषाकडून जे होणार नाही असं काहीतरी त्यांना तिच्यात दिसलं असणार.

भावे, तिसरी रांग

विष्णूचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

काल रात्री दार लावून आरशासमोर उभा राहिलो. मी २२ वर्षं हौशी रंगभूमीवर काम केलंय. हात डोक्याकडं न्यायला लागलो की डोळे आधीच वर जातात, डाव तिथंच उघडा पडतो. डोळे खाली ठेवले तर पाय चुकतो. तोंडी एखादं पद असतं तर सावरलं असतं. सात-आठ वेळा केलं, एकदाही जमलं नाही. ती पोर १३ वर्षांची होती.

मूकपटाबद्दल लिहिलेलं वाक्य मागं घेतो. बालगंधर्वांबद्दलचं घेणार नाही.

वाळवेकर

पवळाबाईंबद्दल तुम्ही अजून काही बोलला नाही.