मदत हवी आहे: हॉलंडमधला ताऱ्याच्या आकाराचा किल्ला, शनिवारी जायचंय

पाणभिंगरी
शनिवारी ताऱ्याच्या आकाराच्या किल्ल्यावर जायचं आहे. आई-बाबा बरोबर आहेत. वर चढायला किती वेळ लागतो, आत काय बघायचं आणि जेवायचं कुठे, एवढंच सांगा. नेटवर नुसते आकाशातून काढलेले फोटो सापडतात. उद्या रात्रीपर्यंत ठरवायचं आहे, लवकर सांगा प्लीज.

खंदक_आणि_तट
कोणता किल्ला? त्या देशात ताऱ्याच्या आकाराची तटबंदी असलेली गावं बरीच आहेत. तुम्ही राहता कुठे, गाडी आहे की ट्रेनने जाणार, आई-बाबांना किती चालवतं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

उत्तरवारा
बूर्तांगच असणार, दुसरं काय! डोळे मिटून जा. १५९३मध्ये बांधून झालेला पाच कोपऱ्यांचा किल्ला आहे. गेल्या शतकात तो १७४२च्या रूपात परत उभा केला. मधल्या चौकातून चारी बाजूंना रस्ते फुटतात, खंदकांवर लाकडी पूल आहेत, तटावर पवनचक्की आणि तोफा आहेत, पाण्यावर बांधलेला सैनिकांचा संडाससुद्धा आहे. एवढा नीटस तारा दुसरीकडे दिसणार नाही.

खंदक_आणि_तट
उत्तरवारा, बूर्तांग जर्मनीच्या सीमेला चिकटून आहे. अ‍ॅमस्टरडॅमहून गाडीने सव्वादोन-अडीच तास. ट्रेनने जायचं तर ग्रोनिंगेनमार्गे विन्स्कोटेन आणि पुढे बस, शनिवारी बसही कमी. वयस्कर माणसांना दिवसभरात जाऊन-येऊन तो प्रवास झेपणार नाही.
पाणभिंगरी, फोटोतले कोपरे मोजा. पाच असतील तर बूर्तांग. सहा असतील आणि मध्ये मोठं चर्च असेल, तर नार्डेन.

पाणभिंगरी
सहा आहेत. बाणाच्या टोकांसारखे. मध्ये चर्च आहे. आम्ही अ‍ॅमस्टरडॅमजवळ अ‍ॅमस्टलवीनला राहतो, गाडी नाही.

खंदक_आणि_तट
मग नार्डेन, आणि काम सोपं झालं. पण आधी एक समजून घ्या. हा डोंगरी किल्ला नाही, चढायला काहीच नाही. सपाट जमिनीवर मातीचे तट आणि पाण्याचे खंदक, दोन्हींची दुहेरी कडी, आणि आत आजही राहतं गाव. आत जायला तिकीट नाही. दुसरं म्हणजे जमिनीवरून तारा दिसत नाही. विमानातला फोटो मनात धरून गेलात तर समोर फक्त गवताचा उंचवटा आणि पाणी दिसेल, आणि आई-बाबा विचारतील की किल्ला कुठे आहे. म्हणून क्रम असा ठेवा.

१) आधी किल्ल्याचं संग्रहालय. ते टुर्फपोर्ट बुरुजातच आहे. तिथे किल्ल्याचा आराखडा नीट बघून घ्या, मग बाहेर काय चाललंय ते कळतं. आतले तळघरातले बोगदे बुटके आणि गार असतात, उन्हाळ्यातही अंगात जॅकेट हवं. हंगामात ठरावीक रविवारी तोफा उडवून दाखवतात आणि खंदकातून होडीची फेरी असते. तुम्ही शनिवारी जाताय, म्हणून होडी त्या दिवशी आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर आधी बघा.

२) मग तटावरून बुरुजाच्या टोकापर्यंत चाला आणि शेजारच्या बुरुजाकडे बघा. दोन बुरुजांमधली भिंत आणि समोरच्या बुरुजाची कड एका नजरेत येते. तारा कशासाठी, ते इथे कळतं. गोल बुरुजाच्या पायाशी शत्रू लपू शकतो, कारण वरून तिथे मारा पोचत नाही. टोकदार बुरुजाची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजाच्या माऱ्यात येते.

३) शेवटी गावातल्या इमारती. थोरलं चर्च आत जाऊन बघाच. लाकडी छतावर १६व्या शतकाच्या सुरुवातीची चित्रं आहेत. १५७२च्या डिसेंबरात स्पॅनिश फौजेने गावाची कत्तल केली आणि गाव जाळलं, त्यातूनही हे चर्च वाचलं. १९२२पासून ईस्टरच्या आधी इथे बाख या जर्मन संगीतकाराच्या 'मॅथ्यू पॅशन'चा कार्यक्रम दरवर्षी होतो. त्या दिवसांत नुसतं चर्च बघायला आत सोडतीलच असं नाही. टुर्फपोर्ट रस्त्यावर 'स्पॅनिश घर' आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या दगडात त्या कत्तलीचं दृश्य कोरलं आहे. वर मान करून शोधा, नाहीतर लोक सरळ पुढे जातात.

सायकलची_घंटी
क्रम चुकीचा आहे. बाहेरच्या खंदकाच्या कडेने आधी फिरायला हवं. आतून बघितलं तर तट म्हणजे नुसती मातीची वरंडी वाटते, बाहेरून दोन खंदक आणि मधली बेटं दिसतात. सायकल घ्या. मात्र स्थानकावरची निळी-पिवळी सायकल इथलं वैयक्तिक सदस्यत्व असणाऱ्यालाच मिळते, पाहुण्यांसाठी दुकानातून भाड्याने घ्यावी लागेल. आणि बहुतेक भाड्याच्या सायकलींना पायाचा ब्रेक असतो, पेडल उलटं दाबलं की चाक थांबतं. भारतातून आलेल्या माणसाला सवयीने पेडल मागे फिरवायचं असतं आणि गाडी एकदम अडते. आधी मोकळ्या जागेत दहा मिनिटं सराव हवाच.

खंदक_आणि_तट
त्यांनी सायकलचं विचारलेलं नाही. आई-बाबांना सायकल येते का, हेही माहीत नाही.

सायकलची_घंटी
येत नसेल तर बाहेरची फेरी पायी करा, रमतगमत दीड तास. तरी क्रमाचं माझं मत तेच.

पाणभिंगरी
सांगायचं राहिलं, बाबांचा गुडघा दुखतो. सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालतात, मग बसावं लागतं. आणि दोघं पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

खंदक_आणि_तट
हे पहिल्या ओळीत हवं होतं. मग बाहेरची पूर्ण फेरी रद्द. तटाचे उतार गवताचे आहेत, पाऊस पडून गेला की निसरडे होतात, आणि बदकांची-हंसांची घाण असते. जिथे आखीव वाट किंवा पायऱ्या आहेत तिथूनच वर न्या. नार्डेन-बुस्सुम स्थानकापासून तट सुमारे दोन किलोमीटर आहे. जाताना तरी बसने जा, नाहीतर गुडघ्याचा सगळा वेळ तिथेच संपेल.

टिकटिक_कार्ड
प्रवासाचं मी सांगते. ट्रामने अ‍ॅमस्टरडॅमचं झाउद स्थानक आणि तिथून ट्रेन. ट्राम आणि ट्रेन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. ट्राममधून उतरताना कार्ड टेकवून बाहेर पडायचं आणि ट्रेनच्या स्थानकात पुन्हा टेकवून आत. एकेकाला स्वतंत्र कार्ड लागतं, एकाच कार्डावर तिघं जात नाहीत. आत येताना फोन टेकवला तर बाहेर पडतानाही फोनच. फोन आणि प्लास्टिकचं कार्ड यंत्राला दोन वेगळी कार्डं वाटतात आणि दोन्हींवर अर्धवट प्रवास राहतो. ट्रेनला बाहेर पडताना टेकवायचं विसरलं की २० युरो कापले जातात. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, म्हणून शुक्रवारी रात्री प्रवासाच्या अ‍ॅपमध्ये पुन्हा तपासा.

हिंगाष्टक
जेवणाचं. वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस आणि सॉसेज असतं, रंग बघून फसू नका. 'भाजीचं सूप' म्हणून मागितलेल्या सूपलाही बऱ्याचदा मांसाचं पाणी असतं. क्रोकेट मांसाचं. चालेल असं म्हणजे चीजचा टोस्ट, पण बरीचशी चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. हे आई-बाबांना चालत नसेल तर चीजही बाद. सफरचंदाच्या केकमध्ये अंडं असतं. माझा सल्ला, दशमी-चटणी किंवा मेथीचे ठेपले डब्यात न्या आणि तटावरच्या बाकावर बसून खा. कॅफेत फक्त कॉफी घ्या. रोख पैसे काही ठिकाणी घेत नाहीत.

सह्यकडा
धाग्याच्या विषयाला धरून नाही, पण राहवत नाही. आपले दगडी तट आणि हे मातीचे, असं का? २०२५मध्ये रायगड, राजगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग धरून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. नार्डेनपण आहे ना?

खंदक_आणि_तट
आहे. २०२१मध्ये हॉलंडच्या जलरेषांचा, म्हणजे पाणी सोडून शत्रूला अडवणाऱ्या संरक्षणरांगांचा भाग म्हणून. दगडी भिंतीवर तोफगोळा बसला की दगडाच्या कपच्या उडून आतली माणसं मरतात, जाड मातीत गोळा रुतून बसतो. आपल्या डोंगरी किल्ल्यांचं संरक्षण कड्यात आहे, जड तोफा वर ओढता येत नाहीत. हॉलंडकडे कडा नाही, पाणी आहे. आजूबाजूची शेतं गुडघाभर पाण्याने भरायची. तेवढ्या पाण्यात होडी चालत नाही, आणि चर-ओहोळ दिसेनासे झाल्याने पायदळही चालू शकत नाही. नार्डेनच्या पूर्वेची जमीन उंच आणि वालुकामय, ती बुडवता येत नाही. अ‍ॅमस्टरडॅमकडे जाणारी वाट तिथे कोरडी राहते, म्हणून नेमका तिथेच एवढा मोठा किल्ला.

सह्यकडा
वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तिची तटबंदी कशी होती ते…

टिकटिक_कार्ड
वेंगुर्ल्यासाठी वेगळा धागा काढा, इथे शनिवार जवळ आलाय.

उत्तरवारा
गाडी भाड्याने घेतली तर बूर्तांग अजूनही जमेल.

पाणभिंगरी
नार्डेनच ठरलं. बस, मग संग्रहालय, मग एकच बुरूज, चर्च, आणि डबा बरोबर. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना आवडेल असं आणखी काही आहे का?

खंदक_आणि_तट
हे आधी कळलं असतं तर सुरुवात तिथूनच केली असती. कोमेनियस. मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ, १६७०मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला वारले आणि नार्डेनला पुरले. लहान मुलांना चित्रांवरून शिकवावं म्हणून त्यांनी १६५८मध्ये सचित्र पाठ्यपुस्तक छापलं. समाधी जुन्या मठाच्या प्रार्थनागृहात आहे, कोमेनियसचं वेगळं संग्रहालय त्याच्या शेजारीच. समाधीचं दार बंद असेल तर त्या संग्रहालयाच्या खिडकीवर विचारा. थोरल्या चर्चहून चालत पाच मिनिटं.