चालू प्रोग्रामला मागं सारावं, की त्याच्या प्रोसेसर-वेळेवर पक्की मर्यादा घालावी?

काळीमाती (यवतमाळ जिल्हा)
गावातल्या सेवा केंद्रात बहुतेक एकच पीसी असतो. सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, स्कॅनिंग आणि लग्नाच्या व्हिडिओचं रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाईल तयार करणं), सगळं त्याच्यावरच. रेंडर लागलं की ब्राउझर अडकतो, समोर माणसं खोळंबतात आणि ऑपरेटर रेंडर बंद करून टाकतो. झालेलं काम पाण्यात.

माझं ठाम मत आहे की बंद करायची गरजच नाही. लिनक्सवर चालू प्रोग्राम चालू ठेवूनच त्याला मागं सारता येतं. 'रीनाइस' कमांड, १९ हा आकडा आणि प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा नंबर, एवढंच लागतं. चालू प्रोग्रामांची यादी दाखवणाऱ्या एचटॉपमध्ये एफ८ दाबत गेलं तरी तेच होतं. नाइस म्हणजे प्रोसेसरच्या रांगेत प्रोग्राम किती मागं, ते सांगणारा आकडा. तो उणे २० ते १९. काही सांगितलं नाही तर ०. आकडा जितका मोठा, तितका प्रोग्राम मागं.

प्रत्येक आकड्याला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एक वजन आहे; त्या प्रमाणात प्रोसेसरचा वेळ वाटला जातो. ० ला १०२४, ५ ला ३३५, १० ला ११० आणि १९ ला फक्त १५. प्रोसेसरच्या एकाच कोअरसाठी (एका वेळी एक काम करणाऱ्या भागासाठी) ० वाला आणि १९ वाला झटत असले तर १९ वाल्याच्या वाट्याला जेमतेम दीड टक्का येतो. पण ऑपरेटर आधार नंबर विचारत असतो, कागद शोधत असतो, तेव्हा ब्राउझर जवळपास रिकामाच असतो. तो सगळा वेळ आपोआप रेंडरला जातो. कुणाचं काही हिसकावलं जात नाही, म्हणून मला ही सोय इतकी मोलाची वाटते. २००७ साली लिनक्सात सीएफएस हा शेड्युलर, म्हणजे प्रोसेसरचा वेळ वाटणारा भाग, आला, २०२३ मध्ये ६.६ कर्नलपासून त्याच्या जागी ईईव्हीडीएफ आला, तरी वजनांचा हा तक्ता तोच राहिला.

चंद्रपूरकर
भाऊ, पटलं नाही. मे महिन्यात इकडं पारा ४५ च्या वर जातो आणि लाईन गेली की कूलर बंद. नाइस १९ केलेलं रेंडरसुद्धा उरलेला सगळा प्रोसेसर खातंच, म्हणजे मशीन शंभर टक्क्यांवरच. इन्व्हर्टरची बॅटरी तितकीच झपाट्यानं उतरते. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि तो वेग सगळ्यांचाच कमी होतो. पुढं बसवलेला ब्राउझरही हळू होतो. मग मागं सारून मिळवलं काय?

इथं पक्की मर्यादाच पाहिजे. लिनक्समध्ये कामं सुरू करणं-सांभाळणं सिस्टमडी करतं; रेंडर त्याच्या युनिटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या कामाच्या नोंदीत, चालवा आणि सीपीयूकोटा ही मर्यादा १५० टक्के द्या, म्हणजे चारपैकी दीड कोअर. काम चालू असतानाही सिस्टमडीच्या 'सेट-प्रॉपर्टी' कमांडनं तो बदलता येतो. युनिटबाहेर आधीच सुरू झालेल्या प्रोग्रामला सीपीयूलिमिट हे साधन लावा. ते प्रोग्रामला थांबवतं, सोडतं, पुन्हा थांबवतं.

काळीमाती
उन्हाळ्याचं मान्य. पण डिसेंबरात काय? गोंदियात थंडी पडली असताना अडीच कोअर रिकामे ठेवायचे? जे काम संध्याकाळी संपलं असतं ते रात्रीत जाणार, आणि रात्री लाईन राहीलच याचा भरवसा कोण देतो?

पांदणरस्ता
दोघंही बराबर बोलून रायले, पण दुखणं दुसरंच आहे. आपल्या इकडच्या जुन्या मशिनीत रॅम ४ जीबी. ब्राउझरचे टॅब अन् रेंडर दोघायनं मिळून ते भरली की लिनक्स मेमरीतला माल डिस्कवर टाकते, अन् डिस्क जुनी, फिरती. मंग नाइस १९ करा नाही तं कोटा लावा, माऊस अडकणारच. प्रोसेसर तं डिस्कची वाट पाहत बसला असते. आधी 'टॉप' कमांडमधला डब्ल्यूए, म्हंजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ, पाहा. तो सारखा चढून असन तं प्रोसेसरचा काही दोष नाही. आयोनाइस कमांडनं रेंडरचं डिस्कवरचं वाचणं-लिहिणं मागं ढकलता येते, तेही डिस्कसाठी बीएफक्यूसारखा शेड्युलर असन तं. स्वॅपचं, म्हंजे मेमरीतला माल डिस्कवर टाकण्याचं दुखणं त्यानं जात नाही. रॅम वाढवा, मंग बाकीचं बोला.

मास्तर_वाशीम
एक अडचण कुणी सांगितली नाही. साध्या युजरला नाइसचा आकडा वाढवता येतो, सहसा कमी करता येत नाही. त्याला रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो. केंद्रात पासवर्ड मालकाकडं, खुर्चीवर पोरगा. त्यानं रेंडर १९ वर नेलं आणि नंतर स्कॅनचं मजकूर ओळखणं ० वर सुरू झालं, तर रेंडर दिवसभर उपाशी. म्हणून मी १९ च्या विरोधात आहे. १० पुरे, त्यात दहा टक्क्यांच्या जवळपास वाटा राहतो.

शिवाय ऑटोग्रूप ही सोय चालू असेल तर लिनक्स प्रत्येक सेशनचे, म्हणजे एका टर्मिनलमधून किंवा लॉगिनमधून सुरू झालेले, प्रोग्राम एका गटात धरतं, आणि नाइस त्या एकाच सेशनमधल्या प्रोग्रामांत चालतो. टर्मिनलमधलं रेंडर आणि डेस्कटॉपवरचा ब्राउझर वेगळ्या सेशनमध्ये असले तर आकडा बदलूनही फरक जाणवत नाही.

काळीमाती
सर, ऑटोग्रूपचा मुद्दा महत्त्वाचा, तिथं तो बंद करावा किंवा प्रत्येक ग्रूपचा स्वतःचा नाइस असतो तो बदलावा. पण उपासमारीचं पटत नाही. वजन हे एकमेकांच्या तुलनेत असतं. मजकूर ओळखण्याचं कामही १९ वर टाका. दोघं सारखे झाले, निम्मं-निम्मं वाटून घेतील, आणि फॉर्म भरणारा सगळ्यांच्या पुढंच राहील. माणूस वाट पाहत नाही असं प्रत्येक काम १९ वर, हा नियम पोरालाही पाळता येतो. परत ० वर आणायची वेळच येत नाही.

उमेदताई
आमच्या केंद्रात विंडोज आहे. तिथं टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये राइट-क्लिक करून रेंडरला 'बिलो नॉर्मल' करता येतं. पोरं उलटं करतात, ब्राउझरलाच 'रिअलटाइम' करायला जातात. ते कधीच करू नये. तो वर्ग सिस्टीमच्या स्वतःच्या कामांच्याही वर जातो, माऊस-कीबोर्डसुद्धा अडू शकतात.

आणि दादा, व्हिडिओवाल्यानंही पैसे मोजलेले असतात. त्याला संध्याकाळ सांगायची आणि काम गुपचूप मागं ढकलायचं, हे मला मान्य नाही. विम्याच्या शेवटच्या तारखांना दिवसा रेंडर घेऊच नये, आणि ते त्याला तोंडावर सांगावं.

चंद्रपूरकर
ताईंशी सहमत. काळीमाती भाऊ, तुमचा १९ चा नियम मी हिवाळ्यापुरता घेतो. मार्च ते जून माझ्या मशीनवर कोटा राहणारच. दोन्ही एकाच युनिटमध्ये बसतात, नाइस १९ आणि सीपीयूकोटा १५० टक्के. ऊन उतरलं की कोट्याची ओळ काढायची.