मदत हवी: समुद्रातल्या चरस केसमध्ये भावाचा जामीन नाकारला, आता लगेच हायकोर्ट की थांबायचे?

करवंद
भावाचा जामीन सेशन्स कोर्टाने फेटाळला. केस एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याची. वकील म्हणतात हायकोर्टात जाऊ. पण जामिनाची कडक अट घालणारे कलम ३७ तिथेही आडवे येणारच, मग पैसे घालून काय मिळणार? भावाने काहीही केलेले नाही. आई धड जेवत नाही. ज्यांना यातले खरोखर कळते त्यांनीच सांगा, वकिलांना सोमवारी उत्तर द्यायचे आहे. धीराचे मेसेज नकोत.

खेडचा_वकील
भाऊ, यावरून काहीच सांगता येत नाही. माल कसला, वजन किती? पकडला कोणी? तुमचा भाऊ बोटीचा मालक, तांडेल (बोट चालवणारा) की खलाशी? अटकेची तारीख? चार्जशीट दाखल झाले का? आणि आदेशात कारण काय लिहिले आहे?

कलम ३७ मुख्यतः व्यावसायिक प्रमाणाला लागते. चरस १ किलो, हेरॉइन २५० ग्रॅम, मेथॅम्फेटामाइन ५० ग्रॅम. माल त्याच्या वर असेल आणि सरकारी वकिलाने विरोध केला, तर दोन गोष्टींबद्दल कोर्टाची खात्री पटावी लागते: आरोपी दोषी नसावा असे मानायला वाजवी कारण आहे, आणि जामिनावर असताना तो गुन्हा करणार नाही. अडते ते बहुतेक पहिल्यावर.

जुना_नाखवा
ऑगस्ट २०२३ मध्ये कर्दे, लाडघर, केळशी, मुरूडच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली होती. तेव्हापासून सांगतोय, पाण्यात तरंगणारी गोणी दिसली तर हात लावू नका. सागरी पोलिसांचा १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. हे नंबर प्रत्येक होडीच्या केबिनमध्ये लिहून ठेवा. बक्षिसाच्या किंवा कुतूहलाच्या नादाने गोणी वर घेतली की संपलेच.

करवंद
नाखवा काका, गोणी सापडली तर काय करायचे हे मी विचारलेले नाही.
वकीलसाहेब, मी बहीण आहे. भाऊ खलाशी, बोट दुसऱ्याची. चरस बोटीच्या खणात (मासळी-बर्फ ठेवायच्या कप्प्यात) बर्फाखाली निघाले, वजन दोन आकडी किलो. पकडले केंद्राच्या एका खात्याने, नाव इथे लिहीत नाही. तांडेल आणि दोन खलाशी आत आहेत. मालक बाहेर आहे, याचाच संताप येतो. अटकेला सहा महिने होत आले. चार्जशीटचे मला माहीत नाही, ते वकील बघतात ना?

रातांबा
ताई, नवस बोला आणि चांगला वकील गाठा, मुंबईचा. हायकोर्टाची सवय असलेलाच लागतो.

भाट्ये_खाडी
मुंबई कशाला? रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. मुंबईला जायचे ते रायगडवाल्यांनी. आधी केस कुठल्या जिल्ह्यातली ते सांगा.

करवंद
रत्नागिरी.

अनुभवी_कोकणी
आमच्या नात्यातला मुलगा गांजाच्या केसमध्ये हायकोर्टातूनच सुटला, तेही खटला लांबला एवढ्याच मुद्द्यावर. कलम ३७ चा उगाच बाऊ करतात. लगेच अर्ज टाका.

खेडचा_वकील
गांजा किती होता?

अनुभवी_कोकणी
८ किलो.

खेडचा_वकील
मग तुमचे उदाहरण इथे चालत नाही. गांजाचे व्यावसायिक प्रमाण २० किलो. ८ किलोवर कलम ३७ लागलेलेच नव्हते. या ताईंचा माल मर्यादेच्या कितीतरी पट आहे. लोक घर गहाण टाकून अर्ज करतात, जरा जपून सांगा.

अनुभवी_कोकणी
उशिराचा मुद्दा खोटा आहे का? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कलम ३७ असतानाही खटला रखडल्यावरून जामीन दिलेला आहे.

खेडचा_वकील
खरा आहे. पण तो आरोपी सात वर्षांहून अधिक काळ आत होता. सहा महिन्यांवर तो निकाल दाखवला तर सरकारी वकील दोन मिनिटांत खोडून काढतील.

ताई, 'सहा महिने होत आले' हे तुम्ही शेवटी सांगितले, पण सगळ्यात महत्त्वाचे तेच आहे. व्यावसायिक प्रमाणाच्या केसमध्ये चार्जशीटला १८० दिवस मिळतात, ते पहिल्या रिमांडच्या (कोर्टाने कोठडी दिल्याच्या) दिवसापासून, तो दिवस धरून. तेवढ्यात चार्जशीट आले नाही आणि मुदतही वाढवून घेतली नाही, तर डिफॉल्ट जामिनाचा हक्क मिळतो. तिथे कलम ३७ आडवे येत नाही. पण मुदत संपल्यावर चार्जशीट येण्याआधी अर्ज द्यायला हवा. सरकारी वकिलाच्या अहवालावर मुदत एक वर्षापर्यंत वाढू शकते, मात्र आरोपीला हजर ठेवून, त्याला कळवून. ते न करता वाढवली असेल तर तोही मुद्दा आहे. आजच वकिलांना फोन करा, सोमवारची वाट पाहू नका.

भाट्ये_खाडी
भावाने जबाबावर सही केली आहे का?

करवंद
हो. पाच-सहा पाने, सगळी इंग्रजीत. भाऊ सातवी शिकलेला. आदेशातही लिहिले आहे की त्याने स्वतःच कबूल केले आणि तांडेलाशी फोनवर बोलणे होते. अहो, खलाशी तांडेलाशी बोलणार नाही तर कोणाशी बोलणार?

भाट्ये_खाडी
मग ऐका. खात्याच्या अधिकाऱ्यासमोर कलम ६७ खाली दिलेला कबुलीजबाब खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तोफान सिंग प्रकरणात सांगितले आहे. तो जबाब बाजूला काढला तर भावाविरुद्ध काय उरते? फोन आणि बोटीवर असणे. खणातल्या मालाची त्याला जाणीव होती, हे कशावरून?

खेडचा_वकील
मुद्दा बरोबर, पण कलम ३५ आणि ५४ ची गृहीतके विसरू नका. ताबा दिसला की जाणीव होती असे कोर्ट धरून चालते. म्हणून कोणाची नेमणूक कशावर, खणात कोण उतरत होते, बर्फ कोणी भरला, हे कागदावर आणायला हवे. शिवाय नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढले का, कलम ५२अ प्रमाणे, तेही पाहा. माझे मत: चार्जशीट हातात आल्याशिवाय हायकोर्टात जाऊ नका. तिथे एकदा फेटाळला की परत जायला नवीन परिस्थिती दाखवावी लागते.

भाट्ये_खाडी
मला हे पटत नाही. खलाशाची बाजू इतकी स्पष्ट असताना थांबवायचे कशाला?

जुना_नाखवा
बोटीचे काय झाले? ती अडकली तर मालकाचे कर्ज बुडते. कलम ६० खाली मालकाला स्वतःला, त्याच्या एजंटला आणि बोट ताब्यात असलेल्याला माहीत नव्हते आणि सगळ्यांनी योग्य ती काळजी घेतली होती, हे मालकाला दाखवावे लागते. एनडीपीएसमध्येही वाहन तात्पुरते सोडता येते असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटले आहे. ट्रकची केस होती ती, पण अर्ज करून बघावा.

करवंद
काका, बोटीचे मालक बघतील. त्यांच्याकडे पैसे आहेत.
वकिलांशी आत्ता बोलले. चार्जशीट अजून आलेले नाही आणि मुदतवाढीचा अर्ज झाला का हे त्यांनाही ठाऊक नाही, उद्या कोर्टात बघतो म्हणाले. मला हे ऐकून धक्का बसला.

खेडचा_वकील
बघतो नाही, रोजनाम्याची (कोर्टातल्या रोजच्या कामाच्या नोंदीची) प्रमाणित प्रत मागा, आणि रिमांडचे सगळे आदेशही. डिफॉल्ट जामिनाचा अर्ज टाइप करून तयार ठेवायला सांगा. ते टाळत असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. पहिल्या रिमांडची तारीख मिळाली की इथे टाका, दिवस मी मोजून देतो.