मदत हवी आहे: गावातला मधुमेह गट टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी. बचत गटाच्या बायकांना घेऊन गावात मधुमेहासाठी गट सुरू करतेय. आशाताई तिशीपुढच्यांचे फॉर्म भरतात, उपकेंद्रात साखर तपासतात. पण उपाशीपोटी १०० ते १२५ आलेली माणसं ‘अजून शुगर नाही ना’ म्हणून परत फिरकतच नाहीत. खरं तर हाच टप्पा हातातला! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्याच अभ्यासात केवळ आहार-व्यायाम बदलून मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला होता.

कुणी असा गट वर्षभर चालवलाय का? पुरुषांना कसं आणलंत? आणि इन्सुलिनवाल्यांना सकाळी सोबत चालायला न्यायचं तर साखर एकदम उतरू नये म्हणून काय काळजी घेता? याचीच मला जास्त धास्ती आहे.