घरातल्या आजारावरचं भरतकाम प्रदर्शनात लावायचंय, पण बहीण नको म्हणतेय

सुईदोरा: आई आणि मावशी दोघी ओव्हरीच्या कॅन्सरने गेल्या, नंतर माझी बीआरसीए१ टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे या कॅन्सरचा धोका वाढवणारा, घराण्यातून येणारा जीनमधला बिघाड माझ्यातही आहे. आता दोघींच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून एक मोठं कापड करतेय आणि मधोमध वंशवृक्ष भरायचाय, जेनेटिक्सवाले काढतात तसा, बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजार असेल तर आतून भरलेला, गेलेल्यांवर तिरकी रेघ. आईचा गोल लाल दोऱ्याने गच्च भरून झालाय. पण धाकटी बहीण म्हणते मला यात घेऊ नकोस, तिने टेस्ट केलेली नाहीये. रिपोर्ट माझा, आईही माझीच, मग मी काहीच सांगायचं नाही का?

निळी_लड: सांग ना, पण जीन तुझ्या एकटीचा नाहीये गं. आईकडून आला असेल तर बहिणीकडे असायची शक्यता 50 टक्के, तू नावानिशी भिंतीवर लावलंस की लोक तिच्याकडेही त्याच नजरेने बघणार, आणि तिला तर स्वतःचंच जाणून घ्यायचंय की नाही ते अजून ठरायचंय. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकेतल्या कॅन्सर पेशंटच्या पेशी 1951 मध्ये संशोधनासाठी न विचारता घेतल्या, आणि 2013 मध्ये त्या पेशींचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, ऑनलाइन टाकला तेव्हाही घरच्यांना विचारलं नव्हतं. नुसता गोल कोरा ठेवूनही भागणार नाही, कोरा म्हणजे ‘आजार नाही’ असाच अर्थ लागतो. फांदीच घेऊ नकोस.

अस्तर: अॅग्नेस रिश्टरचं जॅकेट बघ. शिवणकाम करणारी जर्मन बाई, मनोरुग्णालयात असताना 1895 च्या सुमारास तिने स्वतःच्या जॅकेटवर मजकूर भरला, बराचसा आतल्या बाजूने, अंगाला लागेल असा. आज ते हायडेलबर्गच्या प्रिन्झहॉर्न संग्रहात, मनोरुग्णांनी केलेल्या कलाकृतींच्या संग्रहात, आहे आणि त्यातलं बरंच अजून नीट वाचता येत नाही, तरी बघणारा हलतो. म्हणजे सगळं वाचता आलंच पाहिजे असं नाही, तूही रिपोर्ट अस्तरावर भरून उलटी बाजू दाखव, गाठी आणि आडवेतिडवे दोरे दिसू देत.

रफू: मला मात्र सगळंच लपवणं पटत नाही, बायकांच्या आजारांवर आधीच खूप पांघरूण घातलं जातं. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत तुकडे जोडून केलेलं अमेरिकेतलं एड्स मेमोरियल क्विल्ट 1987 मध्ये पहिल्यांदा मांडलं तेव्हा नावानिशी आठवण काढणं हाच मुद्दा होता, तरी काही तुकड्यांवर नुसतं पहिलं नाव किंवा आद्याक्षरं आहेत, पूर्ण नाव लावणं जमलं नाही म्हणून. दोन्ही एकाच क्विल्टमध्ये बसलं ना! तुझं नाव ठसठशीत भर, बाकीच्यांचं त्यांना विचारून. आणि आईच्या रिपोर्टवरचा पेशंट नंबर, बारकोड, तारखा चुकूनही भरू नकोस, प्रदर्शनात फोटो काढतातच लोक.

सुईदोरा: बहिणीची फांदी काढतेय, आधी तिलाच दाखवते. तिच्या जागेवर थोडं भरून झालं होतं ते उसवलं, तर सुईची भोकं राहिलीत. कापड घट्ट विणीचं कॉटन आहे. ओलं करून नखाने घासलं तर बुजतील का, की वरून ठिगळच लावू?